पडेल त्यानं केक आणायचा

माझी पाठ पुस्तकांनी वाकवली, असं माझी बायको डॉरीन म्हणायची. ती होती तोवर मला त्या पोकाचं काही वाटत नसे. ती गेली, आणि तिची घोडी नटमेग मागच्या कुरणात तशीच उभी राहिली. आमची मुलगी रोझलिन गावाच्या दुसऱ्या टोकाहून रोज येऊन तिला चारा घालायची, खूर साफ करायची. एक दिवस ती वैतागलीच.

“डॅड, मी थकले रे आता. क्लबातल्या त्या बेरिलला हवीय ही. तिच्याकडे रोज कुणीतरी बसेल तरी हिच्यावर. इथं नुसती उभी राहून कुजतेय बिचारी.”

“मी बसेन,” मी म्हणालो.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्या खांद्यांकडे पाहिलं.

“बरं. घोडेस्वारी क्लबच्या दिवशी हिच्यावर बसून स्वारीची परीक्षा पूर्ण करून दाखव. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर बेरिल हिला घेऊन जाईल. शब्द दे.”

मी शब्द दिला.

शिकवायला ग्वेंडा होती. लहानपणी ती माझ्या वाचनालयात दंगा करायची आणि मी तिला गप्प बसवायचो. आता दर शनिवारी ती मैदानाच्या मध्यभागी उभी राहून माझ्यावर ओरडायची.

“क्लेम, पुढं बघ! जमिनीवर काय सांडलंय तुझं?”

“पुस्तकात लिहिलंय की नजर...”

“मग ते घोडीला वाचून दाखव. तिनं ऐकलं तर मला कळव.”

कठड्यावर थर्मास घेऊन बसलेली क्लबची मंडळी खदखदा हसायची. माझे कान तापायचे. कान तापले की मान आणखी खाली जायची, आणि मान गेली की मांड सुटायची. शेवटी ग्वेंडानं माझी छडी घेतली आणि पाठीमागून दोन्ही कोपरांच्या बेचक्यांत आडवी अडकवली. काठीला टांगलेल्या सशासारखा दिसत असणार मी. तसंच तिनं मला घोडीवरून दुडक्या चालीनं गोल गोल फिरवलं.

पण हिवाळा सरता सरता एका दुपारी वाळूवर मला एक सावली दिसली. घोडीवर कुणीतरी ताठ बसलं होतं. ती माझी सावली आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला.

क्लबच्या दिवशी परीक्षक बाई नेहमीप्रमाणे मैदानाच्या टोकाला आपल्या गाडीत बसल्या होत्या. हॉर्न वाजला. मी आत आलो. खांदे मागे, टाचा खाली, नजर समोर. सरळ रेषेत मधोमध जायचं, थांबायचं, एका हातात लगाम घेऊन दुसरा हात खाली सोडायचा आणि मान किंचित लववून परीक्षकांना नमस्कार करायचा. मग परीक्षा सुरू.

नटमेग खांबासारखी उभी राहिली. मी हात सोडला, मान लववली. पण गाडीच्या काचेआडून कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय, या जाणिवेनं मान थांबेना. तिच्यामागून खांदे गेले, खांद्यांमागून पाठ. आणि डॉरीन नमस्कार झाला की पुढे वाकून घोडीला पेपरमिंट द्यायची. नटमेगनं मला वाकलेलं पाहिलं आणि गोळीसाठी तोंड उजवीकडे वळवलं. लगाम धरलेला माझा हात तिच्या मानेबरोबर गेला, आणि हातामागून मी.

तोंडात वाळू गेली. नटमेग तसूभर हलली नाही. ती माझ्या टोपीवर नाक घासत गोळी शोधत होती.

गाडीचा हॉर्न वाजला. पडला, म्हणजे बाद.

“केक!” कठड्यावरून कुणीतरी ओरडलं.

“लिंबाचा आण रे, क्लेम!”

पडेल त्यानं पुढच्या वर्गाला केक आणायचा, हा इथला दंडक. ग्वेंडानं मला काखेत धरून उठवलं. “पळत्या घोड्यावरून पडलेले खंडीभर पाहिले मी,” ती म्हणाली. “उभ्या घोड्यावरून पडणारा तूच पहिला.”

तेवढ्यात बेरिल दोर घेऊन आलीच. “काय गुणाची घोडी! म्हातारा पायांत पडला तरी हलली नाही. हिला न्यायला गाडी आणलीय मी, आत्ताच नेते.”

लगाम माझ्याच हातात होता. शेजारी रोझलिन उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, अगदी माझ्यासारखी मान खाली घालून. माझी लाज तिनंही वाटून घेतली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“काय?” बेरिलला ऐकूच गेलं नव्हतं. मला ते पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हणावं लागलं.

“नाही. नेऊ नकोस. शनिवारी मला केक आणायचाय. केक आणणाऱ्याला वर्गाला यावं लागतं. आणि वर्गाला घोडी लागते.”

कठड्यावर कुणीतरी हसलं.

“डॅड, तू शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

“मग?”

“मग काय... मोडला.” आयुष्यभर लोकांना सांगितलेल्या तारखेला पुस्तकं परत करायला लावणारा मी. ते बोलताना पडल्यापेक्षाही वाईट वाटलं. “चारा रोज मी घालीन.”

“आणि खूर?”

“खूरही. वाकायची सवय आहे मला.”

“वळ तिकडे,” रोझलिन म्हणाली, आणि माझ्या पाठीवरची वाळू झटकू लागली, गरजेपेक्षा बऱ्याच जोरानं. “ताठ उभा राहा जरा.”

मी राहिलो. खिशातली पेपरमिंट काढून नटमेगला दिली.

बेरिल रिकामी गाडी घेऊन आमच्या अगदी जवळून गेली. तेव्हा तरी मान वर करून तिच्याकडे बघायला हवं होतं. मी घोडीच्या खुरांकडे बघत राहिलो. ते साफ करायची वेळ झाली होती.