माझं शून्य आणि भिंगरीच्या पायांवरचे वळ

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. एका हाताने अधू, अंगभर ओरखडे, पोटात बटणाएवढा सेल. सायकलच्या मागच्या चाकाजवळ, फ्रेमच्या डाव्या दांडीला मला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेलं असतं. "हा कोण टिकोजीराव?" असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण सायकल किती वेगात पळते आणि मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात, हे हँडलवरच्या मीटरला मीच कळवतो, आणि मीटर ते आकडे साठवून ठेवतं. एक लोहचुंबक चाकाच्या तारेवर असतं, दुसरं पायडलच्या दांड्यावर. माझे दोन हात त्या दोघांच्या वाटेवर टपून बसलेले. चुंबक जवळून गेलं की मी एक मोजतो. दोन नाण्यांच्या जाडीएवढं अंतर मला चालतं. त्याहून लांबून गेलं तर मला ते दिसत नाही, आणि मला दिसलं नाही की मीटरवर शून्य येतं. एवढं नीट ध्यानात ठेवा, कारण याच एका गोष्टीपायी एका पोरीने फार मार खाल्ला.

माझा जन्म लांबलचक पांढरे दिवे लावलेल्या कारखान्यात झाला. एका चष्मेवाल्या बाईने मला यंत्रावर हजार वेळा मोजायला लावलं, एकही चूक सापडली नाही, तेव्हा कुठे मला डबा मिळाला. तिथून दुकानाच्या फळीवर आलो आणि एका बापाने आपल्या मुलीसाठी मला विकत घेतलं.

हा बाप कारखान्यात लेथवर लोखंडाचे भाग कातायचं काम करायचा. केसाच्या जाडीएवढी चूक तो डोळे झाकून बोटाने सांगायचा. "माणूस खोटं बोलतो, माप बोलत नाही," हे त्याचं ब्रीदवाक्य. मुलीचं घरातलं नाव भिंगरी. पायडल अशी गरगर फिरवायची की तेच नाव पडलं. चौदा वर्षांची, काटकुळी, पण पायांत नुसती वीज! पहिली दोन वर्षं आमची मजेत गेली. बाप संध्याकाळी मीटर शेजाऱ्यांना दाखवायचा. "बघा, चढावर पंच्याण्णव फेरे! आहे का कुणाची टाप?" माझी छाती फुगायची.

मग एका शर्यतीत भिंगरी चौथी आली.

बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत पोरीवर हात टाकता येईना, म्हणून त्याने सायकलला लाथ घातली. जाड तळाचा बूट थेट माझ्या बरगडीत बसला. सायकल रस्त्यावर आपटली. माझा पायडलकडचा हात बाहेरच्या बाजूला वाकला. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लाथ मारणाऱ्याच्याही नाही.

आता गंमत ऐका. गंमत कसली, घात! सायकल सपाट रस्त्यावर असली की मला चुंबक कसंबसं दिसायचं. पण चढावर भिंगरी उभी राहून जोर लावायची, तेव्हा फ्रेम किंचित लवायची आणि चुंबक माझ्यापासून आणखी दूर सरकायचं. म्हणजे पोरगी जितकी जीव तोडून पायडल मारी, तितका मी आंधळा होई. तिच्या छातीचा भाता व्हायचा, घाम माझ्यावर टपकायचा, आणि मी वर कळवायचो, शून्य.

पहिल्या दिवशी बापाने मीटर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "चढावर पाय सोडून बसली होतीस?"

"नाही बाबा. ते सेन्सरचं काहीतरी..."

थप्पड इतकी जोरात बसली की पोरगी दारावर जाऊन आदळली. "नाचता येईना, अंगण वाकडं!" बाप ओरडला. "माझ्याच घरात मापाला नावं ठेवतेस?"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने खातरजमा केली, हे सांगायला हवं. सायकल स्टँडवर चढवली आणि हाताने पायडल फिरवलं. जोर नाही, भार नाही, फ्रेम लवायचा प्रश्नच नाही. मला सगळं लख्ख दिसलं आणि मी इमानेइतबारे नव्वद दाखवले. मग तो मला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेला. त्याने नवा सेल घातला, पट्टी आवळली, आणि त्यानेही हातानेच फिरवलं. "ठणठणीत आहे हो," तो म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे शहाण्यांनो, एकदा बसून तर बघा! पण मला तोंड कुठे होतं?

आता तर पोरगी खोटारडीही ठरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घरात सायकल ठेवायच्या भिंतीवर चाकातली एक जुनी रबरी ट्यूब खिळ्याला टांगलेली असायची. बापाने ती दुहेरी केली आणि भिंगरीच्या पोटऱ्यांवर ओढली. एकदा, दोनदा, मग मी मोजायचं सोडून दिलं. मोजणं हा माझा धर्म, पण ते मोजवेना. सकाळी ती त्याच पायांनी सायकलवर बसली. लाल-निळे वळ पायडलबरोबर माझ्यासमोरून वरखाली जात होते. तिने दुप्पट जोर लावला. मी दुप्पट शून्यं दाखवली. संध्याकाळी पुन्हा ट्यूब.

असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी आई मध्ये पडली. "अहो, सोडा तिला! मरेल हो पोरगी!" तिने ट्यूब धरली. बापाने तिला असं ढकललं की तिचं कपाळ खिडकीच्या कठड्यावर फुटलं. रक्त भुवईवरून ओघळून माझ्या पुढ्यात फरशीवर सांडलं.

आणि मग भिंगरी बोलली. मान वर होती.

"मारा. पण आधी मला एक सांगा. कारखान्यात तुम्ही मशीन रिकामं फिरवून पास करता का? काम लावून बघता ना? मग ह्याला नुसतं हाताने फिरवून कसं पास केलंत?"

बापाने ट्यूब खिळ्याला टांगली आणि सायकल बाहेर काढली. पोरीवर त्याचा विश्वास नव्हता, पण बोलणं त्याच्या धंद्यातलं होतं, ते त्याला खोडता येईना.

डोक्याला फडकं बांधून आई निघाली, भिंगरीही निघाली. पाण्याच्या टाकीमागच्या चढावर बाप सायकलवर बसला. अंगाने भरलेला गडी, दहा पायडलांतच धापा टाकायला लागला. दात-ओठ खाऊन जोर लावत होता. मीटरवर शून्य. आणखी जोर लावला. शून्य. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि मी म्हणत होतो, हा माणूस पाय हलवतच नाही.

तो उतरला. वाकून त्याने अंगठा माझ्या हातावरून फिरवला. लेथवरचा अंगठा तो, वाक त्याला तत्क्षणी कळला. वाकाशेजारीच त्याच्या बुटाचा ओरखडा होता.

त्याने दगड उचलला. "हा! ह्या भिकारड्याने केलं सगळं!" आणि तो मला ठेचायला लागला. चाकाकडचा माझा हात तुटून उडाला. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, चला, आता तरी पोरीची सुटका झाली.

पण भिंगरीने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, मला सेन्सरने नाही मारलं."

आई जवळ आली. फडक्यातून रक्त अजून झिरपत होतं. ती अगदी हळू बोलली, "आणि आकडा खरा असता तर? पोरगी खरंच दमून थांबली असती, तर मारलंत ते बरोबर ठरलं असतं?"

बाप खाली वाकून माझा तुटलेला हात शोधायला लागला. आई भिंगरीकडे वळली. मग म्हणाली, "चल गं." भिंगरीने सायकल हातात धरली, आणि दोघी उताराने सरळ मावशीच्या घरी गेल्या.

त्याला आता सहा महिने झाले. बाप अधूनमधून येतो, फाटकाबाहेर उभा राहतो. मावशी पाणी देते, आत घेत नाही. भिंगरीने चुंबकाच्या आणि माझ्या मध्ये दोन नाणी धरून माझा उरलेला हात सरळ केला. वेग मला आता कळत नाही, पण फेरे अचूक मोजतो. काल चढावर तिने पासष्ट मारले, दमली, उतरली आणि गवतात आडवी झाली. कुणी काही बोललं नाही.

मित्रांनो, तुमचा सेन्सर भलतंच दाखवायला लागला तर सेल बदला, पट्टी आवळा, चुंबकाचं अंतर बघा, आणि स्वतः बसून जोर लावून बघा. आणि घरात कुणी तुम्हाला मारत असेल, तर चूक तुमची होती की नव्हती याचा हिशोब करत बसू नका. मावशीला सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. मला सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.