रंग मंजूर, पाय नामंजूर

मित्रांनो, जरा मान वर करा. खांद्यावर तारा घेऊन उभा असलेला तो जुना विजेचा टॉवर मीच. वय एकेचाळीस. कारखान्यात माझी पट्टी न् पट्टी कापली, वितळलेल्या जस्तात बुचकळून काढली आणि इथे आणून नटबोल्टांनी जोडली. माझ्यावरून वीज पहिल्यांदा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय ऐट होती माझी!

पुढे सगळे विसरले. दिवे लागले की कौतुक दिव्यांचे, गेले की बोटे मोडायची आमच्या नावाने. विसरला नाही तो फक्त आमचा लाइनमन. त्याला सगळे दादा म्हणत. दर वर्षी चढून तो माझा एकेक बोल्ट आवळायचा. एकदा उतरताना त्याला माझा मागचा पाय दिसला. जमिनीलगत पाणी साचून तो गंजाने पार पोखरला होता. दादाने साहेबांना गाठले.

"साहेब, पाय गेलाय याचा. एखाद्याचा जीव जाईल."

"दादा, वरून आलंय ते रंगासाठी. रंग मंजूर आहे, पाय मंजूर नाही."

दादा चिडला. त्याने मला रंगवले, पण तो पाय मुद्दाम तसाच ठेवला. "गंज दिसू दे. चढणाऱ्याला कळेल तरी," म्हणाला. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

यंदा सरकारने वीजवाहिन्यांसाठी भरघोस निधी दिला. मला वाटले, आता पाय मिळणार! कसले काय! निधी होता जाड, वजनदार तारांसाठी, आणि त्या चढायच्या माझ्याच खांद्यावर. मोठे पाहुणे येणार म्हणून रंगाऱ्यांनी मला नखशिखान्त चकचकीत केले, त्या पायासकट. तपासणीला आलेल्यांनी गाडीत बसूनच 'उत्तम' असा शेरा मारला.

आज सकाळी तारा ओढायचे यंत्र आले. चढायला आली दादाची थोरली मुलगी. आता तीच इथली लाइनमन. तिने वाकून माझा मागचा पाय पाहिला.

"बाबा म्हणायचे, याचा हा पाय गेलाय. एवढा निधी आला, बसवला वाटतं नवा! काय आजोबा, तरणेताठे झालात की!"

हसत तिने पट्टा अडकवला आणि सरसर वर गेली. अगं बाई, थांब! पण मला कुठले बोलता येते?

ती आता माझ्या खांद्यावर बसली आहे. यंत्र सुरू झाले आहे आणि पाय करकरतो आहे. एरवी मी तुम्हाला सांगितले असते, नवे ओझे चढवण्याआधी जुन्याचे पाय तपासा. आज ते राहू द्या. मित्रांनो, तुम्हाला आवाज आहे. आधी त्या पोरीला खाली बोलवा.