जळालेल्या टोपीचा फोटो

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या गावात मेलेली माणसं धुक्यात दिसू लागली. नातवंडांचे फोटो काढा म्हणून जावयाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता, त्यामुळे ते वर्ष माझ्या पक्कं लक्षात आहे.

झुंजुमुंजू व्हायच्या आधीच ओढ्याकाठच्या जुन्या वडाखाली ही गर्दी जमायची. समुद्राकडच्या गावांतून माणसं टेम्पो भरून येत. पुढे मेलेल्यांची भेट घालून देणारे ओयांग महाराज, राखाडी रेशमी झगा, हातात चवरी. ओढ्याच्या पलीकडे दगडांच्या राशीतून पांढरं धुकं उसळायचं, जमिनीलगत वाहत यायचं, आणि त्यात कमरेपासून वरचा एक माणूस तरंगताना दिसायचा. पाय नाहीत, चेहरा नाही. बायका हंबरडा फोडत. महाराज हळूच सांगायचे, "ओळखलंत? तुमचाच आहे तो."

आता आमच्या गावाला धुक्याचं काय कौतुक? आमचं पोटच धुक्यावर चालतं. शहरांतले फोटोवाले वर्षभर येतात. मी खांद्यावर नांगर टाकून म्हैस घेऊन वडाखालून चालतो. नांगरायला शेत कुठे आहे ते विचारू नका. ज्या दिवशी खरं धुकं पडत नाही त्या दिवशी आमचा जाडा फान झाडामागे ओला पेंढा पेटवतो. उन्हाच्या तिरिपी त्या धुरात उतरल्या की फोटोवाले खूष.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली. नाक वर करून वास घेतला.

"पेंढा नाही," फान म्हणाला. "पाला नाही, भुसा नाही. तुशंगदादा, हे अस्सल आहे."

वीस वर्षं आम्ही परक्यांना धुरानं फसवलं होतं, त्यामुळे फसवणुकीला धुराचाच वास असतो अशी आमची खात्री झाली होती. वास नाही म्हणजे लबाडी नाही. दुसऱ्या कुठल्या गावानं कदाचित चार प्रश्न विचारले असते. आम्ही नुसतं हुंगलं आणि हात जोडले.

माझ्या मनात मात्र खुटखुट होती. ओढ्याचं धुकं पाण्यावर धरतं आणि खालच्या अंगाने वर चढतं. हे दगडांतून निघत होतं. आणि मेलेली माणसं नेहमी पलीकडच्याच काठावर का यायची? अलीकडे यायला त्यांना कुणाची बंदी होती?

"धुकं म्हणजे स्वर्गाची कातडी," महाराज सांगायचे. "मृतात्म्याची फ्रिक्वेन्सी आणि पाण्याच्या कणांची फ्रिक्वेन्सी पहाटे जुळते. विज्ञानालाही हे आता कळू लागलंय." मग थोडं थांबून, "ओढा ओलांडायचा नाही. ओलांडला तर तो कायमचा जाईल."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्यात माझी वहिनी अडकली.

माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता. वहिनीच्या, ग्वेइलानच्या, छातीत गाठ निघाली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, लगेच काढायला हवी, उशीर केला तर पसरेल. खाट ठरली, तारीख ठरली. तेवढ्यात वहिनी महाराजांकडे गेली. त्यांनी भावाची बांबूची टोपी मागवून घेतली, कापडात गुंडाळली आणि सगळ्यांसमोर जाळली. आमच्याकडे मेलेल्याला हवं ते जाळून पाठवायची रीतच आहे. कागदाचं घर, कागदाच्या चपला. टोपी तर खरीच होती.

दुसऱ्या पहाटे धुक्यात टोपीवाला उभा राहिला. वहिनीनं ओरडून विचारलं, "ऑपरेशन करू का हो?" टोपीवाल्यानं हात आडवा हलवला.

"पाहिलंत ना, भावोजी?" ती मला म्हणाली. "ते नको म्हणाले."

"वहिनी, दादानं जिवंतपणी कधी तुला सल्ला दिला होता का?"

"म्हणून तर मेल्यावर दिलेला ऐकायला हवा," ती म्हणाली आणि इस्पितळाची तारीख चुकवली.

त्याच दिवसांत मी फोटो काढायला शिकत होतो. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर चाललो, आता मागे उभा राहिलो. शहरातून आलेल्या वेइ मॅडम खानावळीच्या माडीवर नवशिक्यांचा वर्ग घेत. धुक्यात कॅमेरा बावरतो, उगाच काळपट फोटो काढतो, म्हणून उजेड थोडा वाढवायचा. नेम धुक्यावर धरायचा नाही, झाडाच्या खोडाच्या कडेवर धरायचा. फोटो कच्चा साठवायचा, कारण कच्च्या फोटोत डोळ्याला दिसतं त्याहून जास्त उतरलेलं असतं. एवढं मला जमलं. कॉम्प्युटरवरचं काही केल्या जमेना. तिथे धुकं कमीजास्त करायची एक पट्टी असते. मी ती धरली की थेट उजव्या टोकाला नेऊन सोडायचो.

"आजोबा, पुन्हा?" मॅडम कपाळाला हात लावायच्या. "धुकं ठेवायला शिकायला आलात, आणि रोज धुऊन टाकता. हे काय, भांडी घासताय का?"

"मला नीट दिसलेलं आवडतं."

"मग उन्हाळ्यात या."

एका संध्याकाळी मी त्याच दिवशी पहाटे काढलेला फोटो उघडला. ओढा, दगड, टोपीवाला. असे फोटो गावात शेकड्यांनी निघाले होते. महाराजांची फोटोला हरकत नव्हती, उलट त्यांचं नाव त्या फोटोंमुळेच पसरलं. फोटोवाले सगळे मुरलेले. त्यांनी धुकं जपलं, आणखी मऊ केलं. पट्टी टोकाला नेणारा गाढव मी एकटाच.

धुकं विरलं. टोपीवाल्याला पाय आले. पायात रबरी बूट. त्याच्या शेजारी मासळी पाठवायची पांढरी खोकी, एक पसरट घमेलं, आणि दगडाशेजारी ओळीनं लाल थर्मास. एक बाप्या उकिडवा बसून त्यातलं पाणी घमेल्यात ओतत होता.

मॅडम माझ्या खांद्यावरून वाकल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, आज पट्टी तिथेच राहू द्या."

फानला बोलावलं. खोकी पाहताच त्यानं मांडीवर थाप मारली. "कोरडा बर्फ! कोळंबी शहरात पाठवताना घालतात तो. गरम पाणी पडलं की नुसता पांढरा लोट. वास कसला येणार त्याला?"

मी वहिनीला माडीवर आणलं. तिनं फोटो पाहिला. टोपीच्या डाव्या कडेचा तुकडा तुटलेला होता. मुलाच्या लग्नात दादा त्या टोपीवर बसला होता, तेव्हाचा.

"त्यांचीच आहे," ती म्हणाली.

"जाळली होती ना ती?"

"जाळलेलं जसंच्या तसं पोचतं, भावोजी. तुटकं असलं तर तुटकंच पोचणार." तिचा आवाज शांत होता. "हे यंत्रानं रंगवलेलंही असेल. तुमचा हात अजून बसायचाय, तुम्हीच म्हणता."

मला राग आला, पण मी गिळला. एवढंच विचारलं, "बरं. टोपी तू पाठवलीस. थर्मास कुणी जाळून पाठवले?"

ती उठली आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या पहाटे ती गर्दीत सगळ्यात पुढे उभी होती. हातात काठी. धुकं उसळलं, टोपीवाला वर आला. महाराज म्हणाले, "विचारा, ग्वेइलानबाई."

वहिनीनं विचारलं नाही. ती ओढ्यात उतरली.

"थांबा," महाराज म्हणाले. "तो जाईल. कायमचा जाईल."

"गेलेलाच आहे," वहिनी म्हणाली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. टोपीवाला एक पाऊल मागे सरला. धुक्यातून एक घाबरलेला आवाज आला, "आजी, इकडे येऊ नका, भाजेल. पाणी उकळतंय." मग काहीतरी लवंडलं, घमेलं दगडांवर खणखणलं, आणि धुक्यातून एक पंचविशीतला पोरगा रबरी बुटांत पळत सुटला. तोवर वहिनी पलीकडे पोचली होती; तिनं धरलेली टोपी तिच्या हातात राहिली.

गर्दीत कुणी हसलं नाही. ज्यांनी आदल्या दिवशी बापाला पाहिलं होतं, भावाला पाहिलं होतं, ती माणसं हसतील कशी? महाराज "फ्रिक्वेन्सी बिघडली" असं काहीतरी पुटपुटत टेम्पोकडे चालू लागले. फाननं वाट अडवली.

मग आम्ही वडाखालीच सगळं करून दाखवलं. घमेल्यात कोरडा बर्फ, वरून थर्मासचं पाणी. थंड वाफ हवेहून जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते आणि पाय झाकते. उकिडवं बसलं की माणूस नाहीसा, उठलं की अवतरला. जळालं ते बदललेलं दुसरंच गाठोडं, आत बाजारातली नवी टोपी. फान टोपी घालून धुक्यातून वर आला, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "एवढा जाडा आत्मा असतो होय?" त्यावर मात्र लोक हसले.

मी शाळेत फार उशिरा बसलो, त्यामुळे उपदेश करणं मला शोभत नाही. पण एक सांगतो. नाक, डोळे, अनुभव, सगळे फसतात, आणि ज्या गोष्टीत आपण स्वतःला हुशार समजतो तिथे आधी फसतात. कुणी म्हणालं की हा ओढा ओलांडू नका, तर तो का ओलांडायचा नाही ते विचारा. शक्य असेल तर ओलांडून बघा. आणि शरीराचं दुखणं असेल तर धुक्याला विचारू नका, डॉक्टरला विचारा.

वहिनी त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखल झाली. उशिरानं ऑपरेशन अवघड झालं, पण झालं. नंतर एकदा ती कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसली. मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो आमच्याकडे माणसं जिवंतपणीच काढून ठेवतात. डोक्यावर तिनं दादाची तुटकी टोपी घातली होती. बाहेर धुकं होतं.

"भावोजी, ती पट्टी आहे ना तुमची," ती म्हणाली, "टोकापर्यंत ओढा."

तो फोटो भिंतीवर आहे. माझी वहिनी चुंग ग्वेइलान त्यानंतर नऊ वर्षांनी, कबरी झाडायच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, न्यूमोनियानं वारली. ती तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती.