राखून ठेवलेले टायर

तिने अंगठ्याचं नख नव्या टायरच्या रबरात दाबलं आणि उचललं. खूण उमटली नाही. अंगठा पांढरा पडेपर्यंत पुन्हा दाबलं, तरी रबर ढिम्म.

टीममध्ये तिला सगळे टायरवाली म्हणत. कॉलेजच्या पोरांनी वर्षभर खपून बनवलेली ही एका माणसापुरती रेसगाडी. कुणी इंजिन घेतलं, कुणी ब्रेक, आणि कुणालाच नको असलेले टायर हिच्या गळ्यात पडले. तिने ते मनावर घेतलं. प्रत्येक सरावानंतर ती टायर खरवडून साफ करायची आणि नख दाबून पाहायची. नख रुतेल असं मऊ रबरच वळणावर रस्ता धरतं. या सगळ्याच्या बदल्यात तिला एकदाच, खऱ्या शर्यतीत, गाडी चालवायची होती. कॅप्टन दर वेळी ‘बघू’ म्हणायचा, आणि त्याचं बघू म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आज सकाळी मात्र त्याने चक्क सगळ्यांसमोर जाहीर केलं, की गाडी टायरवाली चालवणार. त्याचं हेल्मेट तिला ढगळ झालं, तर तिने आत स्पंजचा तुकडा बसवला आणि ते घालून उगाचच गाडीभोवती फिरून आली. वेडीच होती.

नवे टायर खास शर्यतीसाठी राखून ठेवलेले. कुणाचा हात लागू नये म्हणून कॅप्टनने ते वर्षभर वर्कशॉपातल्या भट्टीशेजारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला लावले होते. हात लागला नाही, धग लागली. जपण्याच्या नादात रबर कडक होऊन बसलं.

दुसऱ्या टायरचं प्लॅस्टिक काढताना तिला दिसलं, की ते आधीच एकदा कापलेलं आहे आणि वरून ताजी चिकटपट्टी लावलेली आहे. आत रबराच्या कडेला पुसटशी खूण होती. कुणीतरी जीव खाऊन नख दाबलं होतं, तिच्यापेक्षा चांगलंच रुंद. नख दाबून बघायला तिने टीममध्ये एकालाच शिकवलं होतं, कॅप्टनला.

गाडी घसरणार हे त्याला कालच कळलं होतं, आणि म्हणून आज सकाळी त्याचं मन एवढं मोठं झालं होतं.

गप्प बसली असती तर निदान गाडीत बसायला मिळालं असतं. पण ती उठून टीमबरोबर आलेल्या कॉलेजच्या सरांकडे गेली. खुणेबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवे टायर कडक झालेत, सरावाचे जुने लावू या, एवढंच म्हणाली.

“जुने पार झिजलेत, सर,” कॅप्टन लगेच म्हणाला.

“झिजलेत, पण मऊ आहेत. आजची शर्यत निघेल. तुम्हीच बघा.”

सरांनी जुन्या टायरवर नख दाबलं. ते रुतलं. जुनेच लावा, असं सांगून ते चहाला गेले.

पोरं टायर बसवत असताना कॅप्टन जवळ आला. त्याने वाकून स्वतः जुन्या टायरवर नख दाबलं आणि रुतलेल्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिला. मग सरांच्या मागोमाग गेला. परत आले ते दोघं मिळूनच.

“आता जिंकायची आशा आहे, तर अनुभवी हात बरा,” सर तिच्याकडे न बघता म्हणाले. “तू समजूतदार आहेस.”

कॅप्टनने तिच्या काखेतलं हेल्मेट घेतलं, आतला स्पंज उपसून तिच्या तळहातावर ठेवला.

“पुढच्या वर्षी नक्की.”

ती शेवटच्या वर्षाला होती. हे त्यालाही माहीत होतं.

गाडीत बसून पट्टे आवळल्यावर त्याने विचारलं, “हवा किती ठेवायची गं?”

हवा मोजायचा काटा तिच्याच हातात होता. थोडी जास्त ठेवली असती तर टायर घसरून पहिल्याच वळणावर त्याला कळलं असतं, बाकी कुणालाही कळलं नसतं. स्पंज मुठीत धरूनच ती एकेका चाकापाशी बसली आणि जेवढी सोडायला हवी होती तेवढीच हवा सोडली.

“जा,” ती म्हणाली.

वळणावर टायरांनी रस्ता असा धरला, की कठड्यापाशी उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सरही वाजवत होते. तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.