फळ्यावरचे चार देश

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. माझे वय अडतीस वर्षे. इतक्या वयात शहाणपण येते म्हणतात, पण माझे उलटेच झाले आहे. गेल्या वर्षीपर्यंत मला सगळे समजत होते. मग एका आठवड्यात माझ्यावर युरोपातले चार देश मांडले गेले, आणि तेव्हापासून माझा जो गोंधळ उडाला आहे तो अजून निस्तरलेला नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला भूगोल येत असेल. म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका सुताराच्या हातून झाला. त्याने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि अक्षर उठते का ते पाहायला खडूने एक रेघ ओढली. ती रेघ पाहून मला विकत घेतले यज्ञेश्वर सरांनी. सर गणिताचे शिक्षक. शनिवार पेठेत दोन खोल्यांत त्यांचा क्लास होता. तिथे तीस वर्षे मी भिंतीवर ताठ उभा राहिलो.

काय दिवस होते ते! सकाळी सात वाजता सर येत, माझ्या डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक लिहीत, त्याखाली पट आणि हजर. पट म्हणजे क्लासात नाव असलेली मुले, हजर म्हणजे त्या दिवशी आलेली. मग उदाहरण सोडवून दाखवीत. आणि मुले वहीत उतरवू लागणार, एवढ्यात डस्टरने सगळे पुसून टाकीत. "आता सांगा," असे म्हणत. फळा पुसल्यावर डोक्यात जे उरते तेवढेच आपले, असे त्यांचे मत होते. मुले रडकुंडीला येत, पण गणित शिकत.

सर गुणांच्या बाबतीत फार कडक होते. अर्धा गुण कधी कोणाला वाढवून दिला नाही. त्यांची स्वतःची मुलगी तनया त्याच क्लासात दहावीला होती. तिने उत्तरापुढे सेंटिमीटर लिहिले नाही म्हणून तिचा अर्धा गुण कापला आणि तिचा पहिला नंबर गेला. तनयाची आई मंदाकिनीबाई तेव्हा चार दिवस सरांशी बोलल्या नव्हत्या. मी मात्र मनात खूष होतो. माझ्यावर जे लिहिले जाते ते खरे असते, याचा मला गर्व होता.

पुढे क्लास बंद झाला. कुटुंब कात्रजला नव्या इमारतीत राहायला गेले आणि मी मागच्या बाल्कनीत गेलो. माझ्या एका खिळ्याला कांद्याची पिशवी, दुसऱ्याला ओले पायपुसणे. सात वर्षे मी कपडे वाळताना पाहिले. शेवटी मला भंगारात द्यायचे ठरले. तेव्हा मला वाचवले ते तळमजल्यावरच्या कोंडीरामभाऊंनी. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. ते दूध द्यायला वर आले होते. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिले.

"सर, ह्यो अजून दणकट हाय की. ह्याला कशाला बाहेर काढताय?" ते म्हणाले.

सरांना बहुधा तेवढेच ऐकायचे होते. त्यांनी मला पुसले आणि हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात अक्षरे उमटली. वार, दिनांक, पट ३, हजर ३. मला भरून आले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तो रविवार उजाडला. तनया आता सत्तावीस वर्षांची होती आणि एका कंपनीत नोकरी करत होती. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी युरोपात पाठवायचे ठरवले होते. तिथे त्यांची चार कार्यालये होती. पोर्तुगाल, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि फिनलंड. चारही ठिकाणच्या साहेबांशी तिचे संगणकावर बोलणे झाले होते. कोणता देश हवा ते तिने शुक्रवारपर्यंत कळवायचे होते. नाही कळवले, तर तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती.

"यात अवघड काय आहे?" सर म्हणाले. "मांडणी करू, गुण देऊ, बेरीज करू. उत्तर येईल."

त्यांनी माझ्यावर चार रकाने पाडले आणि सहा ओळी. थंडी, जेवण, भाषा, घर, शांतता. सहावी ओळ कोंडीरामभाऊंनी सुचवली. "ह्यातलं हितनं जवळ कंचं हाय?" असे त्यांनी विचारले, म्हणून प्रवास ही ओळ आली. प्रत्येक ओळीला दहा गुण.

मित्रांनो, माझा गोंधळ पहिल्याच ओळीपासून सुरू झाला. थंडीला जास्त गुण म्हणजे थंडी जास्त की कमी, हे कोणी ठरवलेच नव्हते. सरांना थंडी आवडते. मंदाकिनीबाईंच्या मते थंडी हा रोग आहे. शांततेचेही तेच. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात आणि कोणी आवाज करत नाही, हे ऐकून सरांनी लगेच नऊ गुण लिहिले.

"दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, हे तिथे दारावर लिहावंसुद्धा लागत नसेल," ते समाधानाने म्हणाले.

"शांतता म्हणजे हाक मारायला कुणी नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "शून्य द्या."

नेदरलँड्सची माणसे दुपारी नुसता पाव खातात, म्हणून त्यांचे जेवणाचे गुण गेले. सायकल चालवायला मिळेल म्हणून दोन आले, पण ते कोणत्या ओळीत घालायचे यावर अर्धा तास वाद झाला. अखेर बेरीज झाली. ऑस्ट्रिया बेचाळीस, नेदरलँड्स एकेचाळीस, पोर्तुगाल चाळीस. फिनलंडला तेहतीस मिळाले, कारण तिथली भाषा कोणाला उच्चारता येईना आणि हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवे लावतात असे तनयाने सांगितले.

"म्हणजे मी झोपून उठेपर्यंत रात्र!" सर म्हणाले. त्यांनी सगळ्याभोवती चौकट आखली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले, पुसू नये. शाळेत हे दोन शब्द लिहिले की शिपाईसुद्धा फळ्याला हात लावत नाही. मी निर्धास्त झालो.

सोमवारी दुपारी सर झोपले होते आणि तनया कामावर होती. मंदाकिनीबाई माझ्यासमोर आल्या. त्यांनी पदराचे टोक ओले केले, पोर्तुगालच्या थंडीचे सात पुसले आणि तिथे दहा लिहिले. बेरीजही बदलली. पोर्तुगाल पहिला आला. मी सुन्न झालो.

संध्याकाळी तनया आली. आई स्वयंपाकघरात असल्याचे आणि बाबा फिरायला गेल्याचे पाहून तिने बोटाने पोर्तुगालच्या घराचे तीन गुण कमी केले. ऑस्ट्रिया पुन्हा पहिला. मंगळवारी सकाळी साक्षात सर आले, मागे वळून पाहिले आणि ऑस्ट्रियाच्या नऊचे साडेनऊ केले! मित्रांनो, ज्या हाताने तीस वर्षांत अर्धा गुण सोडला नाही, तो हात माझ्यावर चोरून अर्धा गुण वाढवत होता. त्या संध्याकाळी तनयाने ऑस्ट्रियाच्या भाषेचे तीन गुण पुसले. आता नेदरलँड्स पुढे गेला. बुधवारी सकाळी सरांनी त्याला अर्धा दिला, संध्याकाळी तनयाने दोन काढले.

सकाळी एक देश चांगला, संध्याकाळी दुसरा. मी तर वेडा व्हायची वेळ आली. देश तेच, माणसे तीच, मग गुण कसे बदलतात? आणि पुसू नये म्हणजे नक्की काय? फक्त फिनलंडच्या रकान्याला कोणी हात लावला नव्हता. तो बिचारा तेहतीस गुण घेऊन शेवटच्या बाकावर बसून होता.

गुरुवारी संध्याकाळी सरांनी शेवटची बेरीज करायला खडू घेतला. तनया सोफ्यावर होती, मंदाकिनीबाई मटार सोलत होत्या. सर खाली खाली पाहत गेले आणि थांबले.

"पोर्तुगालला थंडीत दहापैकी दहा? पैकीच्या पैकी मी बोर्डात आलेल्या पोरालाही दिले नाहीत." ते वळले. "ज्याने पुसलं त्याने उभं राहायचं."

मंदाकिनीबाई मटाराचे ताट घेऊन उभ्या राहिल्या. "मी पुसलं. हिला गारठा बाधतो, आणि तिथे तो सगळ्यात कमी. लहानपणी दर थंडीत हिची छाती भरायची, ते तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही क्लासात असायचात."

मग तनया उभी राहिली.

"तू?" सर म्हणाले. "तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"जो देश पुढे जाईल त्याचे मी कमी करत होते, बाबा. एक आकडा नक्की झाला की मला जावं लागेल." तिने माझ्यावरच्या सहा ओळींकडे बोट केले. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी ऑफिसमधून कॅब करून वीस मिनिटांत पोचले होते. तिकडून किती वेळ लागेल, याची ओळ तुम्ही घातलीच नाही."

मटाराचा एक दाणा ताटातून घरंगळत माझ्या खाली येऊन थांबला.

"आणि अहो, ते साडेनऊ कुणाचे?" मंदाकिनीबाईंनी हळूच विचारले. "या घरात अपूर्णांक कोण लिहितं?"

सर आधीच उभे होते, म्हणून ते खाली बसले.

"जो पुढे असेल त्याला अर्धा देत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. पोरगी माझ्यापायी अडकलीय हे मला दिसत नाही का? माझ्या तब्येतीचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, तनया. तो तुझ्या पेपरात नाही. दहावीला अर्धा कापला होता ना, तो परत करायचा होता असं समज."

तनया रडू लागली. मला रडता येत नाही याचे त्या वेळी फार वाईट वाटले.

मग सर उठले. त्यांनी डस्टर घेतला आणि आपणच लिहिलेल्या पुसू नये या शब्दांवरून तो फिरवला. चौकट गेली, सहा ओळी गेल्या, चारही देश गेले. मी कोरा झालो.

"आता सांग," सर म्हणाले.

तनयाने डोळे पुसले. "फिनलंड," ती म्हणाली.

"अगं, तो तर नापास होता!" मंदाकिनीबाई ओरडल्या.

"बाकी तिघांनी मला विचारलं, कधी येतेस. तिथल्या बाईंनी विचारलं, तुला काय शिकायचंय. मी सांगत होते आणि त्या लिहून घेत होत्या. बाबा, तुमच्यानंतर मला कुणी असं विचारलं नव्हतं."

याला सरांनी किती गुण दिले असते, मला माहीत नाही. त्यांनी दिलेच नाहीत. मंदाकिनीबाईंनी मटाराचे ताट खाली ठेवले. त्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षे टेलिफोनवर होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. एक फिनलंडची मला जड नाही. पण लोकरीचे मोजे मी देईन तेच घालायचे."

जानेवारीत तनया गेली. कोंडीरामभाऊंनी तिची बॅग स्वारगेटच्या बस स्थानकापर्यंत आपल्या गाडीतून पोचवली. "ताई, दूध तिकडं चांगलं भेटतं म्हणं," एवढेच त्यांना सुचले.

मित्रांनो, कोणता देश राहायला चांगला, हे मला आजही समजलेले नाही. तुम्हाला समजले तर मला येऊन सांगा. मात्र येताना एक लक्षात ठेवा. तुमच्या घरी कोणी काही मांडून ठेवले असेल, तर त्यातला आकडा गुपचूप पुसू नका. मनात काय आहे ते तोंडाने बोला. आम्हा फळ्यांचा जीव त्यात विनाकारण घुसमटतो. आणि एखादा जुना फळा बाल्कनीत दिसला, तर त्याच्यावरची कांद्याची पिशवी तेवढी काढा.

तनया गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी सर सात वाजता माझ्यासमोर आले. त्यांनी वार लिहिला, दिनांक लिहिला. पट हा शब्द लिहून ते थांबले. खडू हातात तसाच होता. मला वाटले, आता ते दोन लिहिणार, आणि माझ्या लाकडात कळ उठली.

त्यांनी लिहिले, पट ३. मग खाली लिहिले, हजर २. त्याभोवती चौकट आखली आणि त्याखाली ते दोन शब्द लिहिले.

रोज दुपारी मंदाकिनीबाई माझ्यावरची धूळ पदराने झटकतात. तेवढा कोपरा मात्र त्या सोडून देतात.