तिसरा पुकारा

मी वाटाणे सोलत बसले होते आणि टेबलावरच्या डबीएवढ्या स्पीकरमधून आमचे हे बोलायला लागले.

"पेटी बघा, पेटी बघा, वरची बघा, तळची बघा, दोनशे दहा, दहा, दहा, वीस कोण, वीस आले, तीस कोण, मागं कोण, टोपीवाले बोला, तीस आले..."

शेंग हातातच राहिली. यांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हा आवाज या घरात नव्हता. मागच्या दारी खुर्चीचा पाय ठोकण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. स्पीकरमधला आवाज चढत गेला, श्वास न घेता, जसा फळबाजारात लिलाव पुकारताना चढायचा तसा. आणि मग, "एक वार... दोन वार... तीन वार!" त्या तीनवर धाडकन ढोल पडला, गच्च भरलेली पेटी वरून टाकावी तसा, आणि पुढे एका मुलीचा आवाज भरभर धावत सुटला.

ती मुलगी समोरच बसली होती. लहानखुरी, केस कानापाशी कापलेले. तिला सगळे कात्री म्हणतात, कारण ती जुन्या टेपा कापून, जोडून त्यावर रॅप म्हणते. तिच्या शेजारी गाण्यांच्या कंपनीतला माणूस होता. त्याचं काम एवढंच, की कुणाच्या गाण्यात दुसऱ्याचा आवाज, शीळ, ढोलकी काही घेतलं असेल, तर त्या दुसऱ्याला शोधून त्याची सही आणायची. त्याशिवाय गाणं बाहेर काढता येत नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव परवानगीवाला ठेवून टाकलं. दारात आल्या आल्या तो मला म्हणाला होता, की काकू, अर्ध्या लोकांना मी वसुलीवाला वाटतो, तुम्ही निदान पाणी तरी विचारलंत.

हे आत आले. हातोडी हातातच. स्पीकरकडे असे बघत राहिले, जणू त्यात कुणी ओळखीचं माणूस बसलंय आणि बाहेर यायला लाजतंय.

परवानगीवाल्याने सगळं समजावून सांगितलं. बाजाराच्या कोपऱ्यावर कॅसेटचं दुकान होतं. त्या दुकानदाराने नवीन मशीन घेतलं तेव्हा, ते तपासायला म्हणून बाजार बंद असलेल्या दिवशी यांना रिकाम्या शेडमध्ये उभं करून पुकारा टेप केला होता. तो दुकानदार आता नाही. त्याच्या मुलाला ती टेप अडगळीत सापडली, त्याने ती कात्रीला दिली. टेप ज्याची, त्याची सही झाली होती. आता आवाज ज्याचा, त्याची राहिली होती.

यांनी गाणं पुन्हा वाजवायला खूण केली. पूर्ण ऐकलं. मग खिडकीतली पाटी घेतली. डॉक्टरांनी गळ्यातलं सगळं काढून टाकल्यापासून यांचं बोलणं पाटीवरच असतं. यांनी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली. बाहेरच्या माणसांना मी वाचून दाखवते, हा आमचा रिवाज.

"तीन मी म्हटलेलं नाही," मी वाचलं.

कात्री आधी हसली. मग तिने सरळ सांगून टाकलं.

"नाही म्हटलेलं, आजोबा. एका जागी तुम्ही तीनशे म्हणता, तिथलं तीन मी कापलं आणि वारला जोडलं." थोडी थांबून म्हणाली, "जोड कळत नाही ना पण?"

यांनी मान हलवली. नाही कळत. कामाला दाद द्यायला हे कधीच कंजूष नव्हते. पण जोड कळायची गरजच नव्हती. शेड रिकामी होती, म्हणजे तीन म्हटलेलं असणं शक्यच नाही, एवढा साधा हिशेब होता यांचा.

आता हे बाजाराबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. लिलावात पहिला पुकारा म्हणजे सावध करणं. दुसरा म्हणजे शेवटची संधी. तिसरा उच्चारला की माल विकला गेला. मग व्यापारी रडू दे, शेतकरी रडू दे, मागे फिरणं नाही. कागद नंतर होतो, सौदा त्या तोंडच्या तीनवर होतो. म्हणून पुकारणारा माणूस ते तीन जपून ठेवतो. घरातसुद्धा. आमच्या मुलीला पायऱ्या मोजायला शिकवताना हे एक, दोन म्हणायचे आणि तिसरी पायरी मुलीने मोजायची. मुलगी मोठी होईपर्यंत तिला वाटायचं, तीन हा आकडा बापाला येतच नाही.

आणि चुकून म्हटलं तर? तर माल पुकारणाऱ्याच्या गळ्यात. एकदा यांचं चित्त कुठे होतं कोण जाणे, नासपतीच्या ढिगावर कुणाचं बोट वर नसताना यांच्या तोंडून तीन निघून गेलं. व्यापारी म्हणाले, जाऊ द्या, पुन्हा पुकारा. हे ऐकतील तर शपथ. संध्याकाळी हातगाडीभर नासपती आमच्या दारात. तीही पिकून मऊ पडलेली. गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटली, शेजारच्या नर्सबाईंच्या दवाखान्यात पाठवली, उरलेली शिजवली, वाळवली. नासपती म्हटलं की माझे दात अजून आंबतात. पण त्यानंतर बाजारात यांच्या तीनवर कुणी वाद घातला नाही. लोक यांना भोंगा म्हणायचे खरे, पण भोंग्याने तीन म्हटलं की पाकिटं उघडायची.

परवानगीवाल्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आपली बाजू मांडली आणि तीही खोटी नव्हती. म्हणाला, आपल्या भाषेतला रॅप ऐकणारे खूप आहेत, पण त्यासाठी खिशात हात घालणारे थोडे. मोठे वितरक अशा गाण्यांना चिमट्यानेही उचलत नाहीत. हे एक गाणं त्यांनी उचललं, ते फक्त त्या तीन वारसाठी. मैदानात हजार पोरं एकदम ओरडतील असा तो तुकडा आहे. तो गेला तर गाणं गेलं, आणि कात्रीचा पुढचा रस्ताही गेला.

यांनी लिहिलं, मी वाचलं. "गिऱ्हाईक कोण?"

"बसचे ड्रायव्हर, दुकानातली पोरं, कॉलेजातली. रस्त्यावरची माणसं, काका."

पुन्हा पाटी. "मग घेतील. पहिल्या तोडीचा माल आंबट असतो, तरी उचलतात. तीन काढा. सही देतो."

परवानगीवाल्याने कागद टेबलावर ठेवला, वितरकाला शुक्रवारी सांगायचंय एवढं म्हणाला, आणि दोघं गेले. जाताना तो सोललेले वाटाणे तोंडात टाकत होता. अर्धी वाटी संपवली होती मेल्याने.

संध्याकाळी मी भांडले. मला यांचा तो बाणा नवीन नव्हता, पण या वेळी माझंही काहीतरी त्या टेबलावर होतं. मी म्हटलं, तुमचा आवाज लोकांनी ऐकला असता. दुकानांतून, बसमधून ऐकू आला असता. मी भाजी घ्यायला गेले असते आणि तो कुठूनतरी आला असता. एका आकड्यासाठी तुम्ही तो पुन्हा पेटीत घालताय.

यांनी भराभर लिहिलं. मी मान फिरवली. पाटीवर बोलणाऱ्या माणसाशी भांडण्यात एक सोय असते, नजर वळवली की तो गप्प. ऑपरेशननंतर मी साठीला टेकलेली, आणि नर्सबाईंकडे रोज दुपारी जाऊन अक्षरं गिरवली ती याच पाटीसाठी. तोवर मला अक्षरांची गरज कधी पडलीच नव्हती. यांचा आवाज इतका मोठा होता, की गल्लीच्या टोकाहून कळायचं आज बाजार कसा गेला. आणि एवढं शिकून आता मी ती पाटी वाचत नव्हते. यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. वाचावीच लागली.

"आवाज गेला. त्याच्यावर खोटं नको."

मी दिवा लावायला उठले. कागद तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कात्रीच्या स्टुडिओत गेले. यांना मुलीकडे जाते म्हणून सांगितलं. स्टुडिओ म्हणजे सायकलच्या दुकानावरची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी ब्लँकेटने बंद. कात्रीला वाटलं मी सही घेऊन आले. मी म्हटलं, सही नाही. मला फक्त ती टेप ऐकव. गाणं नको, टेप. आहे तेवढी सगळी.

मला दुसरं काही सुचलं नव्हतं. शुक्रवारनंतर टेप कुठे जाईल कुणास ठाऊक, त्याआधी पोटभर ऐकून घ्यावं, एवढाच स्वार्थ होता.

तिने कानावर लावायचं यंत्र मला दिलं, एक स्वतः लावलं. पुकारा आला. तीस, चाळीस, पन्नास. तीनशे आले. एक वार. दोन वार. मग शांतता. कात्रीने बटणाकडे हात नेला. तिने आजवर टेप इथेच थांबवली होती, पुढे रिकामीच आहे असं धरून. मी तिचा हात धरला. मला त्या शांततेत यांचा श्वास ऐकू येत होता.

मग कॅसेटवाल्याचा आवाज आला, लांबून. "म्हणा की तिसरं."

आणि हे म्हणाले, "माल कुठाय? माल दाखव, मग म्हणतो."

दोघं हसले. रिकाम्या शेडमध्ये हसणं घुमलं. कात्रीने एका कानावरचं यंत्र सरकवून माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती ते शब्द पुटपुटून बघत होती, बोटाने टेबलावर ठेका धरत. माल कुठाय. माल दाखव, मग म्हणतो. तिला काय सापडलं ते मला तिच्या बोटांवरूनच कळलं.

टेप अजून चालू होती. खडखड झाली, कुणीतरी मशीन उचललं असावं. आणि अगदी जवळून, पुकाऱ्याचा नाही, घरचा आवाज आला. "चल, आटप. ती जेवायची थांबली असेल."

मग खरंच काही नव्हतं.

कात्रीने बटण दाबून टेप थांबवली. मग हळूच म्हणाली, की आजी, हे शेवटचं वाक्यसुद्धा घेतलं तर गाण्याचा शेवट फार सुंदर होईल.

"तेवढं विकायचं नाही," मी म्हटलं. "बाकी आजोबांना विचार."

गुरुवारी दोघं पुन्हा आले. नवं गाणं वाजलं. एक वार, दोन वार, आणि त्यापुढे काहीच नाही. ढोलसुद्धा थांबलेला. मग यांचा आवाज, "माल कुठाय? माल दाखव, मग म्हणतो," आणि तिथून कात्री सुटली. पुढारी माल दाखव, मास्तर माल दाखव, सासरा माल दाखव, कुणाला सोडलं नव्हतं तिने. हे ऐकता ऐकता पाटीवर बोटांनी ठेका धरून बसले. कागदावर सही केली ती मालाच्या पेटीवर करायचे तशी, मोठी, आडवी. परवानगीवाला म्हणाला, वितरकाचं मन वळेल का सांगता येत नाही, तो तीनवरच अडून बसलाय. यांनी लिहिलं, "त्यालाही दोन पुकारे दे." परवानगीवाला हसला, पण कागद घडी घालताना तो आधीपेक्षा ताठ बसला होता.

वितरकाने थोडा माल उचलला. फार नाही. पण कात्रीला एका मैदानात गायला बोलावलं, आणि तिने आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. मी माझी चांगली साडी नेसले. यांनी बाजारातली जुनी टोपी घातली. चारी बाजूंना नातवंडांच्या वयाची पोरं, उड्या मारणारी, घामेजलेली. एकाने यांना विचारलं, आजोबा, चुकून आलात का? यांनी मान डोलावली.

गाणं सुरू झालं आणि यांचा आवाज मैदानभर झाला. घरात ऐकला होता तेवढाच नाही, बाजारात होता त्याहून मोठा. मी डोळे मिटून घेतले.

"एक वार..."

पोरांनी हात वर केले.

"दोन वार..."

आणि आवाज थांबला. त्या थांबण्यात पोरांना राहवेना. मागून कुणीतरी ओरडायला लागलं, मग दुसरं, ते तीन सगळ्यांच्या ओठांवर आलं. मी डोळे उघडले.

हे उभे राहिले होते. उजवा हात वर, पंजा उघडा, तळवा लोकांकडे. बाजारात ही खूण आंधळ्यालाही कळायची. थांबा, बोली चालू आहे.

त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे स्टेजकडे बघत होते. पण यांचा हात खाली आला नाही. मी यांची पिशवी आणि काढून ठेवलेली टोपी सांभाळत बसून राहिले.