धोंडुबाईंचं पित्त

डेव्हिड अष्टमकरांच्या घशात पहिला घास अडकला तो होळीच्या सुमारास. घास भाकरीचा होता, त्यामुळे दोष भाकरीचा ठरला. पुढे चपाती अडकली, तेव्हा गव्हात हल्ली काय काय मिसळतात हे त्यांनी सिपोराबाईंना सविस्तर समजावलं. आंबे सरेपर्यंत मासळीही अडकायला लागली. मासळीला नावं ठेवून रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या कवळीला नावं ठेवली.

कवळी निर्दोष होती. घास दातांखालून नीट जायचा आणि छातीच्या मधोमध कुठेतरी थांबायचा. वरून पेलाभर पाणी ओतलं की नाइलाजाने खाली उतरायचा. डेव्हिडना हे पूर्ण ठाऊक होतं. पण डॉक्टरांकडे गेलं की दुखण्याला नाव मिळतं, आणि बारसं होत नाही तोवर ते आपलं नाही, अशी काहीशी त्यांची समजूत होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही, कारण दुसऱ्या कोणी बोलून दाखवली असती तर त्यांनी त्याला मूर्खांत काढलं असतं.

तो त्यांचा व्यवसायच होता. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी खात्यात होते. ‘गळती लहान असतानाच कळवा’ हा गेटवरचा फलक त्यांच्या हस्ताक्षरातला. थेंब थेंब गळणारा वॉल्व्ह पाहून गप्प बसलेल्या एका कामगाराला त्यांनी अख्ख्या शिफ्टसमोर असं झापलं होतं की तो पुढे कोरड्या नळांचीही तक्रार करत असे. निवृत्तीनंतर शिफ्ट उरली नाही, पण बिल्डिंग होती. जिन्यात कोणी दोनदा खोकलं तरी डेव्हिड दार उघडून त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे.

स्वतः ते पेज आणि मऊ भातावर आले होते. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पडत होती. शेजारी म्हणत, बारीक झालात, चालायला जाता वाटतं? ते म्हणत, व्हय, पुलापर्यंत. ताटातला रावस टेबलाखालून मांजराला जाई. मांजर जाड होत चाललं होतं. घरातलं एकूण वजन तेवढंच होतं, फक्त ते नवऱ्याकडून मांजराकडे चाललं होतं.

सिपोराबाईंनी हे मांजरावरून ओळखलं. त्यांनी भांडण केलं नाही, मुलीला फोन केला. शीरा इस्रायलला, अश्दोदला असते. पप्पा, या आठवड्यात तुम्ही डॉक्टरकडे नाही गेलात तर पुढच्या आठवड्यात मी तिथे येते, एवढंच ती म्हणाली. शीराच्या रजेचं आणि तिकिटाचं कारण पुढे करून डेव्हिड तयार झाले. मात्र पेणला जाईन, आणि एकटाच जाईन. रोह्यात डॉक्टर आहेत, पण रोह्यात लोकही आहेत.

ते निघाल्यावर सिपोराबाई रथात बसलेल्या प्रेषित एलियाहू हन्नाबींच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. काही वाईट निघालं नाही तर मलिदा करीन, असं त्या बोलल्या. कोकणातल्या ज्यू माणसाची कुठलीही इच्छा एलियाहूंच्या हातूनच वर जाते. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं यांचं ताट मांडायचं, दहा पुरुषांनी प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी तो प्रसाद खायचा, असा हा नवस.

पेणच्या दवाखान्यात नंबर द्यायला खिडकीशी किमया बसली होती. ती कंपनीतल्या जुन्या सोबत्याची मुलगी निघावी, हे डेव्हिडच्या हिशेबात नव्हतं.

“काका, तुम्ही? काय होतंय तुम्हाला?” तिने मायेने विचारलं, आणि माया असली की आवाज मोठा होतोच. बाकांवरची सगळी माणसं वळून पाहू लागली.

“मला काय होणार?” डेव्हिड म्हणाले. “मी सोबत आलोय.”

“कोणाच्या?”

बाकाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच बसली होती. डेव्हिडनी तिच्याकडे बोट केलं. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली.

तिचं नाव धोंडुबाई. धरमतर खाडीच्या बाजूची. उभा जन्म मिठागरात गेलेला. मुलगा तिला दारात सोडून जेट्टीवर कामाला पळाला होता. “आलास ता बरा झाला,” ती म्हणाली. “डाक्टर काय बोलतो ता मना समजत नाय.” डेव्हिड शेजारी बसले. नंबर पुकारला तेव्हा उठून निघून जाता आलं असतं, पण पिशवी त्यांच्याकडे होती आणि किमया बघत होती. ते आत गेले.

आजींना कधीपासून त्रास आहे, असं डॉक्टरांनी डेव्हिडनाच विचारलं. डेव्हिडनी धोंडुबाईंना विचारलं. पोटान नुसती आग हाय, ती म्हणाली, आठ दिवस झाले. आणि इथे डेव्हिडमधला सेफ्टीवाला जागा झाला.

“आठ दिवस?” ते म्हणाले. “आजी, असं अंगावर काढायचं नसतं. इतके दिवस का थांबलात?”

धोंडुबाईंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी मात्र डेव्हिडकडे कौतुकाने पाहिलं. पेशंटबरोबर अशी जागरूक माणसं आली तर आमचं निम्मं काम होतं, असं ते म्हणाले. मग पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, “गिळताना काही अडकतं का, आजी?”

“नाय.”

“मग ठीक. अडकत असतं तर मी आजच्या आज दुर्बिणीची तपासणी सांगितली असती. हे पित्त आहे. चहा कमी करा, उपाशी राहू नका. घाबरण्यासारखं काही नाही.”

डेव्हिडनी मान डोलावली. धोंडुबाईंच्या गोळ्या आणून दिल्या, कधी घ्यायच्या ते तीनदा सांगितलं, मुलगा येईपर्यंत थांबले. तिने त्यांच्या दंडावर हात फिरवून आशीर्वाद दिला. परतीच्या मेमू गाडीत कासू स्टेशन गेलं तरी तो दंड त्यांना वेगळा जाणवत होता.

घरी सिपोराबाई दारातच उभ्या होत्या. डेव्हिड म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. चहा कमी करा, उपाशी राहू नका. घाबरण्यासारखं काही नाही.” यातला शब्द न् शब्द डॉक्टरांचा होता. दुर्बिणीचं वाक्य तेवढं त्यांनी गाळलं. पेशंट कोण, हे कोणी विचारलंच नाही.

सिपोराबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याकडे तोंड करून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पेणला भावाला फोन लावला.

रोह्यात आता दहा ज्यू पुरुष जमवणं अवघड आहे. क्रिकेटच्या टीमपेक्षा एक कमीच लागतो, तरी जमत नाहीत. सिपोराबाईंचा भाऊ आरोन प्रार्थना चालवतो. त्याने पेण, अलिबाग, कुठून कुठून माणसं गोळा केली. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्याला दोघांनी खुर्चीसकट जिना चढवलं. वर पोचल्यावर घाम पुसत तो डेव्हिडना म्हणाला, तुझ्यासाठी एवढं तर करायलाच पाहिजे. डेव्हिडनी त्याला पाणी दिलं. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण पंखा लावायचा होता, खुर्च्या मांडायच्या होत्या.

ताट सुरेख सजलं होतं. पोह्यांचा डोंगर, त्यावर खोबरं, बदाम, खजूर, कडेने फळं, मध्ये गुलाब. शीरा फोनच्या पडद्यावर होती आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता. आरोनने सांगितलं की आमच्या भावोजींचं दुखणं साधं निघालं म्हणून हे उपकार मानणं आहे. एलियाहू हन्नाबींचं गाणं झालं. दहा तोंडांनी आमेन म्हटलं, आणि त्यातलं एक तोंड डेव्हिडचं होतं.

पहिली बशी त्यांना मिळाली. नवस ज्याच्यासाठी, त्याने आधी खायचं.

त्यांनी चिमूटभर पोहे घेतले. पोह्यांचं पीठ होईस्तोवर चावले. गिळले. ते नेहमीच्या जागी येऊन थांबले. सरबताचा पेला तोंडाला लावला, तर सरबतही थांबलं. सगळे त्यांच्याकडे आनंदाने पाहत होते. डेव्हिड उठून मोरीशी गेले, आणि जे खाली जायला तयार नव्हतं ते वर आलं, आवाजासकट.

कोणीतरी हळूच म्हणालं, पित्त वाईटच. दुसऱ्याने सब्जा भिजवून घ्यायला सांगितलं. तिसऱ्याला एक वैद्य माहीत होते. डेव्हिड भिंतीला धरून उभे होते आणि पाठीमागे धोंडुबाईंच्या पित्तावर उपाय सुचवले जात होते.

“अहो,” सिपोराबाई म्हणाल्या, “डॉक्टर नक्की काय म्हणाले?”

“पित्त म्हणाले.” डेव्हिड वळले नाहीत. “पण मला नाय म्हणाले.”

“मग कोणाला?”

“धोंडुबाईंना.”

खोलीत धोंडुबाई कोणालाच माहीत नव्हत्या. साखरेच्या डब्याला टेकलेली शीरा म्हणाली, “पप्पा, धोंडुबाई कोण?”

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. बाक, पिशवी, आठ दिवसांवरून म्हातारीला झापलं ते, आणि दुर्बिणीचं वाक्यही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने बशीतला मलिदा खाणं थांबवलं, मग टाकता येत नाही म्हणून पुन्हा सुरू केलं. आरोनने पुस्तक मिटलं आणि विचारलं, मग आपण आत्ता उपकार मानले ते कशाचे? हे त्याने रागाने विचारलं नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

उत्तर सिपोराबाईंनी दिलं. “मानून झालेत ना? मग आता एलियाहूंनी काम करायचं,” तसबिरीकडे पाहत त्या म्हणाल्या. उरलेला मलिदा त्यांनी माणसांच्या डब्यांत भरून दिला. डेव्हिडच्या बशीतला मांजरापुढे ठेवला. मांजराने तो हुंगला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या मेमूने निघाली. पेणला रस्त्यात गणपतींचे टेम्पो उभे होते, त्यामुळे दवाखान्यापर्यंत रिक्षा गेली नाही. उरलेलं अंतर त्या पुढे आणि डेव्हिड मागे, असे चालले.

“आज कोणासोबत, काका?” किमयाने खिडकीतून विचारलं.

बाकांवर बरीच माणसं होती. “आज मीच आहे,” डेव्हिड म्हणाले. तिने नंबर लिहून दिला. या वेळी तिचा आवाज मोठा झाला नाही.

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. आजी बऱ्या आहेत ना, असं विचारलं. डेव्हिडना माहीत नव्हतं. आपण तिच्या पित्तावर एवढे दिवस काढले आणि तिची चौकशी करावी हे सुचलंही नाही, हे त्यांच्या तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं.

“बोला, काय होतंय?”

“गिळताना अडकतं.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “कधीपासून?”

नागोठणं ते कासू या टप्प्यात डेव्हिडनी उत्तर तयार ठेवलं होतं. ‘थोडे दिवस झाले.’ ते वाक्य बरं वाटत होतं. त्यांनी शेजारी पाहिलं. सिपोराबाई मांडीवर पर्स धरून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

“होळीपासून,” डेव्हिड म्हणाले.

आता डॉक्टर ते वाक्य म्हणणार, इतके दिवस का थांबलात, म्हणून त्यांनी धोंडुबाईंसारखी मान खाली घातली. डॉक्टरांनी नुसता कागद ओढला आणि दुर्बिणीच्या तपासणीचं लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत राहिले. मग मान वर करून त्यांनी सिपोराबाईंना विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

“मी सोबत आलेय,” सिपोराबाई म्हणाल्या, आणि कागद घ्यायला हात पुढे केला.